ट्रकला जादा लाइट बसवताना: करंटची वाट आधी ठरवा

उसाचा हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर परिसरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एकच मागणी असते: "लाइट वाढवून द्या." रात्रभर कारखान्याच्या फेऱ्या, गगनबावड्याकडचं धुकं, करूळ घाटातली वळणं. मागणी रास्तच आहे. जोडणी मात्र बऱ्याचदा अशी होते: हेडलाइटची वायर सोलायची, नव्या दिव्यांची वायर तिला पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची. दिवे लागतात, म्हणून काम बरोबर झालं असं सगळेच धरून चालतात. पुढे कधीतरी हेडलाइटचा कपलर (वायर जोडणारा प्लग) वितळतो, स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच जातो, केबिनमध्ये जळका वास येतो. उसाच्या गाडीत तर चासीच्या सांदीकोपऱ्यांत सुकं पाचट अडकलेलं असतं. तिथे वायर तापली तर गाडी वाचवायलाही वेळ मिळत नाही.

कंपनीने दिलेली हेडलाइटची वायर, स्विच आणि फ्यूज हे मूळ दिव्यांच्या करंटपुरतेच असतात. नव्या दिव्यांचा करंट बॅटरीकडून स्वतंत्र वायरने, स्वतःच्या फ्यूजमधून आणि रिलेमधून (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यायला हवा. हेडलाइटच्या वायरकडून घ्यायचा तो फक्त इशारा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप समजतो.

टप्पा १: आहे तो उजेड आधी तपासा

नवे दिवे विकत घेण्याआधी जुने दिवे पूर्ण ताकदीने लागतात का ते बघा. इंजिन चालू ठेवा, अप्पर (हाय बीम) लावा आणि मल्टिमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि बल्बच्या होल्डरमागे. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २८ व्होल्ट दिसतात. होल्डरवर २५ दिसले तर जवळपास ३ व्होल्ट वाटेतच गळतायत.

हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे नुसता गंजलेला अर्थ (चासीला जोडलेलं निगेटिव्ह टोक) आणि काळवंडलेला कपलर बदलला तरी एखाद्या गाडीचा उजेड परत येईल. काच पिवळी पडली असेल, रिफ्लेक्टरची चमक गेली असेल तर तेही बघा. एवढ्यावर भागलं तर पुढचा खर्च वाचला.

टप्पा २: गाडी १२ व्होल्टची की २४?

हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण रिले जळण्याचं नेहमीचं कारण हेच आहे. मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. छोटे पिकअप आणि छोटे टेम्पो १२ व्होल्टचे. मीटर लावून खात्री करा. दिवा, बल्ब आणि रिले तिन्ही त्याच व्होल्टेजचे हवेत. १२ चा रिले २४ वर लावला की त्याची कॉइल तापून जळते. २४ चा रिले १२ वर लावला तर तो ओढतच नाही, आणि मग दोष शोधत बसावं लागतं.

सावधान: घरात पडलेले १२ व्होल्टचे दिवे वापरायचे म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. जिच्यावर भार पडतो ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळते, आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

टप्पा ३: दिवा कशासाठी हवा ते ठरवा

लांबवर फेकणारा ड्रायव्हिंग लॅम्प आणि धुक्याचा फॉग लॅम्प ही दोन वेगळी कामं आहेत. ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत अरुंद आणि लांब असतो. तो अप्परचा जोडीदार, मोकळ्या सरळ रस्त्यासाठी. धुक्यात तो लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प बंपरवर खाली बसतो, झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो, आणि तो डिपरसोबत (लो बीम) वापरायचा असतो. पावसाळ्यात गगनबावडा किंवा आंबा घाट करणाऱ्याने आधी फॉग लॅम्प घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. रात्री पुणे-बंगळूर हायवेवर पळणाऱ्याने ड्रायव्हिंग लॅम्प घ्यावा. एकाच दिव्याकडून दोन्ही कामं होतात असं सांगणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नका, दुसरं दुकान बघा.

कायद्याची बाजूही इथेच उरकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट वापरता येत नाही. नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपण्याबद्दल आहे, त्याचा उपयोग निशाणा, म्हणजे झोताची दिशा, लावताना होणार आहे. टपावर ओळीने एलईडी बार बसवलेली गाडी पासिंगला अडकली तर तक्रार करायला जागा नाही. दोन दिवे, सारख्या उंचीवर, हेडलाइटच्या वर नाहीत, ड्रायव्हिंग लॅम्प असतील तर अप्परबरोबरच लागणारे: एवढ्यात थांबा. बसवण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

टप्पा ४: करंट, वायर आणि फ्यूज यांचा हिशेब

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. कागदावर मांडूनच पुढे जा.

२४ व्होल्टच्या ट्रकवर ७० वॅटचे दोन हॅलोजन: १४० भागिले २४, म्हणजे सुमारे ५.८ अँपिअर. १२ व्होल्टच्या पिकअपवर ५५ वॅटचे दोन: ११० भागिले १२, म्हणजे ९.२ अँपिअर. वॅट कमी असूनही पिकअपला करंट जास्त लागतो, हे लक्षात ठेवा.

एलईडीच्या डब्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका. "१८० वॅट" लिहिलेला बार प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही घेत नाही असं अनेकदा दिसतं. एक दिवा बॅटरीला थेट लावून डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने खरा करंट बघा आणि तोच आकडा हिशेबात धरा.

फ्यूज या आकड्याच्या दीडपट, नेमका तेवढा मिळत नसेल तर लगतचा वरचा ठेवायचा. ५.८ ला लाल रंगाचा १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, ९.२ ला निळा १५ चा. फ्यूज असतो वायर वाचवण्यासाठी, दिवा वाचवण्यासाठी नाही. म्हणून वायर नेहमी फ्यूजपेक्षा जास्त करंट पेलणारी हवी.

वायर कोणती? या दोन्ही उदाहरणांना २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक तारांची ऑटो वायर घ्या. पिकअपमध्ये बॅटरीपासून दिव्यापर्यंत ४ मीटर वायर धरली तर २.५ च्या वायरमध्ये पाव व्होल्ट पडतो, १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.६ व्होल्टच्या वर. टप्पा १ मधला हॅलोजनचा हिशेब आठवा, म्हणजे वायरीत वाचवलेले पैसे कुठे जातात ते कळेल. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका. तिच्या मोजक्या जाड तारा चासीच्या थरथरीने आतून तुटतात आणि तिचं आवरण डिझेल-ऑईलसाठी बनवलेलं नसतं.

टप्पा ५: सगळं सामान समोर मांडा

अर्धं काम झाल्यावर थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आणायला माणूस पळवला की तोवर "तात्पुरती" पिळलेली वायर तशीच कायमची राहते. त्यामुळे आधीच मांडा: योग्य व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले त्याच्या सॉकेटसह, झाकणाचा पाणी न शिरणारा फ्यूज होल्डर, मुख्य वायर, इशाऱ्यासाठी १ चौरस मिलिमीटरची वायर, गोल आणि चपटी थिंबलं, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), नागमोडी फ्लेक्झिबल पाइप, भोकाच्या कडेला बसवायचं रबरी ग्रॉमेट, केबल टाय, डॅशबोर्डसाठी छोटा स्विच, थिंबल दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा पाना, मल्टिमीटर. शिरोली-उचगावच्या बाजूला हायवेलगतच्या दुकानांत हे मिळून जातं. रिले आणि फ्यूज होल्डर मात्र स्वस्तातले उचलू नका, बाकी काटकसर चालेल.

टप्पा ६: बॅटरी सोडवा

चावी बंद करा. बीएस-६ ट्रकांत चावी बंद केल्यावरही डीईएफची (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) यंत्रणा काही वेळ चालू राहून पाइप रिकामे करते. हँडबुकात दिलेली वेळ थांबा, मगच बॅटरीला हात लावा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

आधी चासीला जाणारी निगेटिव्ह केबल काढायची. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना चासीला लागला तर थेट शॉर्ट. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे ती ठिणगी साधी राहत नाही. लावताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवला म्हणजे झालं, असं धरू नका. काही जोडण्या त्या स्विचच्या आधीच घेतलेल्या असतात.

टप्पा ७: दिवे बसवा, वायर ओढा

दिव्यांचे ब्रॅकेट बंपरच्या जाड पट्टीवर बसवा, पत्र्याच्या पातळ भागावर नाही. पातळ पत्रा थरथरतो आणि झोत रस्त्यावर नाचत राहतो. नट निसटू नये म्हणून स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉन नट लावा. हॅलोजन दिव्याची काच तापते, त्यामुळे त्याच्यामागे पाचट किंवा चिंध्या अडकतील अशी खाच नको.

वायर ओढताना नवी वाट शोधू नका. कंपनीची हार्नेस (वायरींचा जुडगा) ज्या बाजूने गेली आहे तिच्याच सोबतीने जा, पण डिझेलच्या आणि ब्रेकच्या पाइपांना बांधू नका. सायलेन्सर आणि टर्बोपासून दूर राहा. पूर्ण लांबी फ्लेक्झिबल पाइपमध्ये घाला. पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रॉमेट हवाच. ग्रॉमेट नसलेलं भोक पत्र्याच्या धारेने वायर कापतं, आणि तो शॉर्ट नेमका पावसात रात्री होतो.

मोठ्या ट्रकांत आणखी एक अडचण असते: केबिन पुढे झुकतं. चासीवरून केबिनमध्ये जाणारी इशाऱ्याची वायर बिजागरीपाशी ताठ ठेवली तर केबिन पहिल्यांदा उचलल्याबरोबर ती तुटते किंवा थिंबलमधून उपसते. तिथे मूळ हार्नेसएवढीच सैल वळी सोडा. काम संपल्यावर केबिन एकदा पूर्ण उचलून वायर कुठे ताणतेय ते बघा. हे न करणारेच जास्त.

दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून दिव्यात न जाता झोळाच्या तळाशी गळून जाईल.

टप्पा ८: रिलेची जोडणी

रिलेच्या बुडाशी पिनांचे नंबर छापलेले असतात. रंगांवर जाऊ नका, नंबर बघा.

३० नंबर: बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून, फ्यूजमधून येणारी मुख्य वायर.

८७ नंबर: दिव्यांकडे जाणारी वायर. पुढे दोन फाटे.

८६ नंबर: अप्परच्या वायरवरून, डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून येणारा इशारा.

८५ नंबर: अर्थ.

फ्यूज होल्डर बॅटरीच्या अगदी जवळ, एक वीत अंतराच्या आत. केबिनमध्ये सोयीच्या जागी फ्यूज बसवला की बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघडी पडते, तिला कुणी वाली नसतो. दुकानातून तयार किट आणलं असेल तर त्यातला फ्यूज कुठे आहे ते आधी बघा, बऱ्याच किटांत तो रिलेपाशी असतो.

स्विच फक्त इशाऱ्याच्या वायरीत येतो. रिलेची कॉइल साधारण ०.१ अँपिअर घेते, त्यामुळे छोटा स्विचही वर्षानुवर्षं टिकतो. दिव्यांचा पूर्ण करंट स्विचमधून नेला तर मग रिले लावून उपयोग काय?

इशारा अप्परवरूनच घ्या, पार्किंगवरून नाही. समोरून गाडी आल्यावर तुम्ही डिपर मारता तेव्हा जादा दिवेही त्याच क्षणी विझले पाहिजेत. वेगळ्या स्विचवर चालणारे दिवे कुणी वेळेवर बंद करत नाही, घाटात तर नाहीच. (फॉग लॅम्पसाठी इशारा डिपरच्या वायरवरून.)

सावधान: पाच पिनांचा रिले मिळाला असेल तर मधली पिन ८७-ए ची असते. रिले बंद असतानाच तिच्यावर करंट असतो. तिथे दिवे जोडले तर ते उलटे चालतील: अप्पर लावल्यावर विझतील आणि गाडी उभी असताना रात्रभर जळत बॅटरी उतरवतील.

तपासा: काही गाड्यांत अप्परची वायर पॉझिटिव्ह देत नाही, अर्थ देते. अप्पर बंद असताना त्या वायरवर पूर्ण व्होल्टेज आणि चालू केल्यावर शून्य दिसलं तर तुमची गाडी त्या प्रकारची. तिथे ८६ ला हेडलाइटची कॉमन पॉझिटिव्ह द्या आणि ८५ स्विचमधून अप्परच्या वायरला न्या. (ही मोजणी बॅटरी सोडवण्याआधीच करून ठेवायची.)

बीएस-६ गाड्यांत हेडलाइट बऱ्याचदा कंट्रोल युनिटवरून चालतात. त्या वायरीला टोचून जोडणी केली तर डॅशबोर्डवर एरर येतो, आणि दिवे तुटक पल्सवर चालत असतील तर रिले टकटक करत बसतो. गाडी वॉरंटीत असेल तर जादा लाइटसाठी कंपनीने इशाऱ्याचं टोक कुठे दिलंय ते सर्व्हिस सेंटरला विचारा. जोडणीचा कागद ठेवा.

रिले केबिनच्या आत किंवा पाणी न उडणाऱ्या जागी, पिना खाली तोंड करून बसवा. पिना वर ठेवल्या तर गाडी प्रेशरने धुताना सॉकेटमध्ये पाणी साचतं.

सगळे जोड क्रिम्प करा. क्रिम्प केल्यावर वायर हाताने जोरात ओढा. निसटली तर आत्ताच निसटू द्या. वर हीट श्रिंक. नुसत्या टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि टेप सुटते.

टप्पा ९: अर्थ

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि सगळ्यात कमी वेळही इथेच दिला जातो. रंगावर बोल्ट आवळला म्हणजे अर्थ झाला असं नाही. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, गोल थिंबल आणि दातेरी वॉशर लावून आवळा, वरून ग्रीस किंवा रंग मारा. बंपर फायबरचा असेल किंवा रबरी बुशवर असेल तर तो अर्थ देत नाही, वायर थेट चासीपर्यंत न्या. अर्थची वायरही मुख्य वायरीइतकीच जाड.

टप्पा १०: फ्यूज टाकण्याआधी आणि नंतर

फ्यूज काढलेला असू द्या. बॅटरी जोडा. रिले सॉकेटमधून काढून ८७ च्या खाचेत आणि अर्थमध्ये मीटरने रेझिस्टन्स बघा. हॅलोजन दोन-चार ओहमच्या खालीच दाखवतो, पण बल्ब काढल्यावरही शून्याजवळ दिसलं तर वायर कुठेतरी चासीला लागलीय. ती शोधा, फ्यूज टाकू नका.

आता बल्ब, रिले आणि फ्यूज टाका. इंजिन चालू, अप्पर, स्विच. दिवे लागले की मोजा: बॅटरीवर किती आणि दिव्याच्या टर्मिनलवर किती? फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे २४ च्या गाडीत साधारण ०.७ व्होल्ट आणि १२ च्या गाडीत ०.४. जास्त असेल तर मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर दोष अर्थमध्ये, नाहीतर पॉझिटिव्हच्या वायरीत.

दिवे १५ मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करा. फ्यूज उडाला तर कारण शोधा. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून "चालवून घेणं" म्हणजे वायरलाच फ्यूज करणं.

टप्पा ११: निशाणा

सपाट जागा आणि १० मीटरवर भिंत लागते. कारखान्याच्या वजनकाट्यासमोरचं काँक्रीट यासाठी उत्तम, पण हंगामात ते मोकळं सापडणार नाही, म्हणून दसऱ्याच्या आधीच उरका. टायरची हवा बरोबर असू द्या.

आणि गाडी भरलेली असू द्या. रिकाम्या गाडीवर लावलेला निशाणा माल भरल्यावर वर जातो, कारण मागचे पाटे दबतात आणि तोंड उचलतं. नेहमी दोन्हीकडून भरून येणारी गाडी नसेल तरी भरलेल्या अवस्थेचाच निशाणा धरा. रिकाम्या फेरीत झोत थोडा जवळ पडेल, तेवढं चालतं.

जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची आडवी रेघ मारा. ड्रायव्हिंग लॅम्पच्या झोताचा गाभा या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली, फॉग लॅम्पची वरची कड २० सेंटीमीटर खाली. एका दिव्यावर कापड टाकून दुसरा लावा, मग उलट. दोन्ही झोत सरळ किंवा किंचित डावीकडे, उजवीकडे मुळीच नाही. हॅलोजनवर टाकलेलं कापड लगेच काढा, ते पेटतं.

मग क्लीनरला समोर उभं करा. नियम १०६ मध्ये दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिपवणारा झोत चालत नाही. कायम चालू राहणारा दिवा असेल तर हीच कसोटी, नाहीतर तो ड्रायव्हरला खाली करता किंवा विझवता आला पाहिजे. फॉग लॅम्प लावून त्या जागी उभं राहून बघायला सांगा. "डोळे दिपतायत मालक" म्हणाला तर आणखी खाली घ्या. ड्रायव्हिंग लॅम्प डिपर मारल्याबरोबर विझतात का, हेही त्याच्याकडूनच बघून घ्या.

पहिल्या आठवड्यात भरून दोन-चार फेऱ्या झाल्या की ब्रॅकेटचे नट, अर्थचा बोल्ट आणि बॅटरीची टर्मिनलं पुन्हा आवळा. फ्यूज होल्डरच्या झाकणावर किती अँपिअरचा फ्यूज ते पक्क्या शाईने लिहा आणि त्याच आकड्याचे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा.